खंबाटकीच्या आसपासच्या मदतगारांचे आभार

पिकअपमागे पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर ओढून साताऱ्याला आणणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून शिरवळ ते खंबाटकी घाट या पट्ट्यातल्या मिस्त्री, पंक्चरवाले आणि वेल्डरदादांचे मनापासून आभार.

ट्रेलर डोलायला लागला की तुम्ही आधी वरची गाडी पुढे सरकवता, ते अगदी बरोबर. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर हवाच. वजन मागे गेलं की शेपूट हलणार. गाडी ट्रेलरला बांधायचे पट्टे चॅसीऐवजी (गाडीच्या सांगाड्याऐवजी) चाकांवरून आवळायला तुम्हीच लावलंत. सस्पेन्शन खाली-वर झालं तरी ते सैल पडत नाहीत. पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर पुन्हा ताणायचेच.

गाडीची मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडायचा. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधलं तेल उडत नाही, पण चाकं गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट फिरवत राहतात आणि तो कोरडा जळतो. सोडलेले नट-बोल्ट ग्रीसच्या रिकाम्या डब्यात घालून सीटखाली ठेवणाऱ्या पोराला खास शाबासकी.

आणि हुकाखाली साखळ्या फुलीसारख्या बांधून देणाऱ्या दादा, वेल्डिंगचे पैसे घेतलेत, साखळीचे नाहीत. त्याचे वेगळे आभार.