घर बदलणाऱ्या मित्रास

टिळकवाडी, बेळगाव
२१ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल परवा रात्री वाचली आणि लगेच दोन ओळींत उत्तर द्यायचा मोह आवरला, कारण तुझा प्रश्न दोन ओळींत आटोपणारा नव्हता. बारा वर्षे एका ब्राउझरच्या पोटात काम केल्यावर तू त्याच्याशी थेट स्पर्धा करणाऱ्या कंपनीत चालला आहेस. राजीनामा दिला आहेस, नोटिशीचे नव्वद दिवस सुरू झाले आहेत, आणि जेवायच्या टेबलावर एका पुणेकर सहकाऱ्याने हसत हसत तुला ‘फितूर’ म्हटले, ते तुला लागले आहे; आपले खरेच काही चुकते आहे का, असे तू मला विचारतोस. चिडून म्हटले असते तर तूही चिडून मोकळा झाला असतास. हसत म्हटलेल्याला उत्तर देता येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला तो शब्द जरा जास्तच लागतो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा माझ्या आजोबांनी घरातली एक खुर्चीदेखील हलवली नाही, आणि तरीही ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून ‘तुम्ही नेमके कुणाचे?’ हा प्रश्न आपल्या घरांचा उंबरा ओलांडून आत येऊन बसलेला आहे. असो, हा विषय निघाला की मी भरकटतो आणि तुला पुढचे वाचायचे आहे.

तुझ्या धंद्याचा इतिहास तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरीही या वेळी तो तुला माझ्या तोंडून ऐकवावासा वाटतो. फायरफॉक्सची १.० आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी बाहेर पडली, तेव्हा जगातल्या दहापैकी नऊ संगणकांवर इंटरनेट एक्सप्लोरर होता आणि या नव्या ब्राउझरचे कौतुक चहूकडे चालले होते. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच त्याचा प्रमुख अभियंता बेन गुडजर जानेवारी २००५ मध्ये गूगलमध्ये गेला. त्या दिवशी गूगलचा स्वतःचा ब्राउझरच नव्हता. गुडजर पगार गूगलचा घेत होता आणि फायरफॉक्सचेच काम पुढे करत होता. डॅरिन फिशरही त्याच वर्षी त्याच वाटेने गेला. मग २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलचा क्रोम आला आणि तो घडवणाऱ्यांत हे दोघेही होते. त्यांच्याही आधी डेव्ह हायट, ज्याने ब्लेक रॉसबरोबर फायरफॉक्सचे अगदी पहिले रोपटे लावले, तो २००२ साली नेटस्केप ही जुनी ब्राउझर कंपनी सोडून ॲपलकडे गेला, आणि जानेवारी २००३ मध्ये ॲपलचा सफारी ब्राउझर लोकांसमोर आला. म्हणजे जी वाट आज तुला चोरवाट वाटते आहे, ती तुझ्या धंद्यातली चांगली रुळलेली सडक आहे.

माणसांपेक्षा इंजिनांनीच, म्हणजे ब्राउझरच्या पोटातून पान पडद्यावर मांडणाऱ्या कोडनेच, जास्त घरे बदलली, हे मला त्याहून गमतीचे वाटते. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या लोकांनी लिहिलेले केएचटीएमएल हे इंजिन ॲपलने घेतले आणि त्याचे वेबकिट झाले; ते वेबकिट गूगलने क्रोममध्ये घेतले आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याची वाटणी करून ब्लिंक नावाची वेगळी चूल मांडली. क्रोम जाहीर करताना गूगलने वेबकिटबरोबर फायरफॉक्समधलेही काही भाग वापरल्याचे उघड सांगितले होते. त्याच फायरफॉक्समागच्या मोझिला संस्थेचे बहुतेक उत्पन्न पुढे वर्षानुवर्षे, फायरफॉक्सच्या शोधखिडकीत गूगल ठेवण्याच्या करारातून येत राहिले. भाऊबंदकीत ज्याच्याशी कोर्टात भांडायचे, त्याच्याच विहिरीचे पाणी प्यायचे, असा हा प्रकार आहे. अशा वाड्यात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेल्या माणसाला फितूर ठरवायचे, तर आधी वाड्याच्या भिंती कुठे आहेत ते दाखवावे लागेल.

कायद्याचे तू उगीच मनावर घेतले आहेस. आपल्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरवते, आणि नोकरी सुटल्यानंतर ‘स्पर्धकाकडे जाऊ नकोस’ म्हणणारी अट त्यामुळे आपल्या न्यायालयांत सहसा टिकत नाही. तो कायदा १८७२ चा. जिथे हे सारे ब्राउझर वाढले त्या कॅलिफोर्नियातही याच अर्थाचा नियम आहे आणि तोही १८७२ पासूनचा. गुपिते न फोडण्याचे बंधन मात्र दोन्हीकडे राहतेच.

तुझ्या बाबतीत गुपित म्हणजे काय, याचा मी बराच विचार केला. तुमचा कोड तर उघड्यावर पडलेला आहे. तो कुणीही बसल्या जागी उतरवून घेऊ शकतो, त्यामुळे तू पेन ड्राइव्हवर काही नेशील ही शंका हास्यास्पद आहे. लपवलेल्या असतात त्या सुरक्षेच्या त्रुटी, दुरुस्ती बहुतेकांच्या यंत्रांवर पोचेपर्यंत बंद ठेवलेल्या. त्या पाहण्याचा तुझा अधिकार कुणी काढून घेण्याची वाट न बघता तू स्वतःच आजच्या आज सोडून दे, आणि ज्या तुला आधीच ठाऊक आहेत त्यांच्याविषयी नव्या घरी तोंड उघडू नकोस. याबाबतीत मी मित्र म्हणूनसुद्धा सवलत देणार नाही.

बाकी जे तू नेशील ते डोक्यातले. त्यावरून मला आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या, शेडची आठवण झाली. तू दहावीच्या सुट्टीत तिथे येऊन बसायचास, तेव्हा आमचे मोल्डिंगचे मिस्त्री तुला आठवत असतील: काळी टोपी, कानावर विडी. ते साच्याची वाळू यंत्राने मोजत नसत. मूठभर वाळू उचलायची, आवळायची, मूठ उघडायची; तळहातावर बोटांचे ठसे उमटलेला गोळा राहिला पाहिजे, आणि तो दोन्ही हातांनी मोडल्यावर कडा भुसभुशीत न होता पावासारखा सरळ मोडला पाहिजे. वाळू हाताला चिकटली तर पाणी जास्त, गोळा ढासळला तर पाणी कमी. एका गणपतीनंतर ते शेजारच्याच शेडमध्ये गेले, महिना पाचशे रुपये जास्त मिळत होते म्हणून. बाबांनी त्यांना टॉवेल, टोपी, नारळ दिला, आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

पुढचा महिना फार वाईट गेला. कास्टिंग फोडले की आत पोकळ भोके निघायची. ओल्या वाळूतली वाफ लोखंडात अडकत होती. पाणी किती घालायचे हे कुणाच्याही वहीत लिहिलेले नव्हते, ते मिस्त्रींच्या मुठीत होते आणि मूठ पलीकडच्या शेडमध्ये गेली होती. एका गिऱ्हाईकाने सबंध लॉट परत पाठवला आणि तो रिक्षा-टेंपोतून उतरवताना मी स्वतः मोजला आहे. मग एका रविवारी मिस्त्री आपणहून आले. नवीन पोऱ्याला समोर बसवून त्यांनी त्याच्याकडून सकाळभर नुसती वाळू आवळून घेतली आणि जेवायलाही थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून माल सुधारला. बाबांना मी विचारले होते, स्पर्धकाचा माणूस आपल्या शेडमध्ये कसा चालतो. ते म्हणाले, “तो गेला त्याचा राग नव्हता रे. सांगून गेला नव्हता, त्याचा होता.”

तुझ्याविषयी मला एवढेच म्हणायचे आहे. तू जातोस यात मला काही वावगे दिसत नाही. तू मूठ बंद करून गेलास तर दिसेल.

आणि तुझ्या मुठीत काय आहे हे मला नेमके ठाऊक आहे, कारण त्यातले निम्मे मीच तुझ्या गळ्यात घातले आहे. फाउंड्री माझ्याच्याने झाली नाही, मी छापखान्यात आणि वेबपानांत रमलो. खडेबाजारातल्या त्या सायबर कॅफेत आपण पहिल्यांदा युनिकोडमधले, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय प्रमाणातले, मराठी पान उघडले, तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती आणि प्रत्येक जोडाक्षराचा पाय मोडून तिथे हलन्त लटकत होता. विंडोज एक्सपीची सीडी शोधून, सेटिंगमध्ये खूण करून, मशीन पुन्हा सुरू केल्यावर ते पान सरळ झाले. तू त्या दिवशीच या कामाला लागलास, असे मी लोकांना सांगतो. (तू नाकारतोस, पण मी सांगत राहणार.)

आणि ते महिला मंडळाच्या स्मरणिकेचे पान! पहिले अक्षर मोठे घ्यायचे म्हणून मी नेहमीची आज्ञा दिली, आणि ‘स्त्री’ या शब्दातला ‘स्’ चार ओळींएवढा मोठा होऊन उरलेली ‘त्री’ मुंगीएवढी त्याच्या बगलेत बसली. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी फोन करून विचारले की, हा विनोद आहे का. आपल्याला एक अक्षर दिसते, यंत्राच्या हिशेबी ती सहा चिन्हे असतात, आणि त्यांत कुठे तोडायचे नाही हे कुणीतरी यंत्राला सांगावे लागते. तू ती तक्रार नोंदवलीस, तिच्यासाठी चाचणी लिहिलीस, आणि युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत २०२३ साली जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला तेव्हा रात्री साडेअकराला मला फोन केलास. आमच्या घरी सगळे झोपले होते आणि मी अंगणात उभा राहून ‘स्त्री एक झाली’ असे ओरडलो होतो, ते शेजाऱ्यांनी अजून विसरलेले नाही.

आता तू गेल्यावर त्या जुन्या घरात ही कामे कोण बघणार? अक्षरे जुळवणारे हार्फबझ फायरफॉक्समध्येही आहे आणि क्रोममध्येही, चाचण्या सगळे मिळून वापरता, प्रमाणके ठरवायला तुम्ही सगळे एकाच बैठकीत बसता. त्यामुळे तू तिकडूनही आमचे काम करशील हे मला मान्य आहे. पण चाचणी नापास झाली हे यंत्र सांगते. ती नापास होणे हे आज रात्री जागण्यासारखे आहे, हे माणसालाच वाटावे लागते. तुझ्या हाताखाली हुबळीची एक मुलगी आली आहे, तिला कन्नडची जोडाक्षरे छळतात, असे तू मागे लिहिले होतेस. ‘स्त्री’चे दुखणे तिला समजावून सांगावे लागणार नाही. या नव्वद दिवसांतले तीस तिला दे. तिला नुसत्या नोंदी वाचायला देऊ नकोस. तिच्याकडून वाळू आवळून घे.

एक काळजी मात्र लपवत नाही. तू लहान घरातून मोठ्या घरात चालला आहेस. ओपेराने २०१३ साली स्वतःचे इंजिन सोडले, मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये आपलेही सोडत असल्याचे जाहीर केले, आणि आता जगभर चालतील अशी ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको ही तीनच काय ती उरली. चांगले मिस्त्री एकेक करून एकाच शेडमध्ये गेले, तर बाकीच्या भट्ट्या विझतात, आणि मग त्या एका शेडवाल्याला माल नीट करून दे म्हणायला आपल्याजवळ दुसरे दार उरत नाही. हा दोष तुझ्या एकट्याचा नाही आणि त्यासाठी तू मुलांच्या शिक्षणाचा, घराच्या हप्त्याचा विचार सोडावास असेही मी म्हणणार नाही. पण तू विचारलेस, म्हणून जे वाटते ते लिहिले.

तुझ्या आईंना अनगोळात काल भेटून आलो. पावसाने मागची भिंत ओली धरली आहे, बाकी ठीक. तुझी बातमी त्यांना कळली आहे, “पगार तेवढाच, की वाढवूनच जाऊलालाय?” एवढेच त्यांनी विचारले. वाढवून, असे मी सांगितले आहे, तेव्हा आता तसेच असू दे.

गणपतीला येशील तेव्हा दोन्ही लॅपटॉप घेऊन ये, जुन्या कंपनीचा परत करण्याआधी. स्मरणिकेचे ते पान मी अजून ठेवले आहे. दोन्हींवर शेजारी शेजारी उघडून पाहू.

तुझा,
छापखानेवाला