हृदयाची पाकळी उचलण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं, माणसाच्या शरीरावरचं ‘डी होमिने’ (लायडन, 1662) हे पुस्तक तपासायला बसशील, तेव्हा मुखपृष्ठावर रेंगाळू नकोस. आधी हृदयाचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, शोध. त्यावर कागदी पाकळ्या चिकटवल्या आहेत; त्या उचलल्या की आतले कप्पे आणि झडपा दिसतात. या प्रतीचं मोल बरंचसं त्या पाकळ्यांवर आहे.

पाकळी बोटाने उचलायची नाही. पुस्तक उशीवर, पूर्ण सपाट न उघडता ठेव. हात धुऊन कोरडे कर. सुती हातमोजे नकोत, त्यांचे धागे कडेला अडकतात. हाडाची पातळ पट्टी मोकळ्या कडेखाली सरकव आणि पाकळी आपणहून थांबेल तिथवरच ने. ती फाटते बहुधा बिजागरीशी, कारण खळीने कडक झालेला कागद नेमका तिथेच पुन्हा पुन्हा दुमडतो. फाटलेली दिसली तर चिकटपट्टी अजिबात लावू नकोस. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, तीही दुरुस्तीच्या माणसाच्या हातून.

पाकळी बदललेली असू शकते. मागून उजेड धर: हातकागदात साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात. त्या नसतील तर शंका घे. मग दिवा तिरपा धर. ताम्रपटाची शाई कागदावर किंचित उठलेली असते, फोटोवरून छापलेली सपाट दिसते. पाकळी कापून लावलेली असल्याने पत्र्याच्या कडेची दाबखूण तिच्यावर शोधू नकोस, ती मूळ पानावर बघ.

आता चित्र काय सांगतं ते. रक्ताभिसरण देकार्तला मान्य होतं, पण इंग्लिश वैद्य हार्वीने 1628 मध्ये मांडलेलं, आकुंचन पावून रक्त ढकलणारं हृदय त्याला पटलं नाही. त्याच्या मते हृदयात उष्णता असते. रक्ताचा थेंब आत पडला की तापून दुधासारखा उतू जातो आणि धमन्यांत शिरतो. इथे तो चुकला. तरी झडपा एकाच दिशेला उघडतात हे त्याला नीट ठाऊक होतं, म्हणून त्या पाकळ्यांखाली बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं. शरीर हे यंत्र, राजबागेतल्या कारंज्यांसारखं, आणि आत्म्याचं ठाणं मेंदूतल्या पिनीअल ग्रंथीत, असा सगळा डाव आहे.

हे लिखाण 1633 च्या सुमाराचं. गॅलिलिओला शिक्षा झाल्याचं कळल्यावर देकार्तने ते छापलं नाही. 1650 मध्ये तो गेला. फ्लोरेंटियस स्कायलने हस्तलिखितांवरून लॅटिन भाषांतर केलं, ते हे. पॅरिसची 1664 ची फ्रेंच आवृत्ती क्लेर्सेलिएची, तिची चित्रं वेगळी, लाकडी ठशांची. वर्णनात या दोन्हींची सरमिसळ करू नकोस.

पाकळ्या मोजून प्रत्येकीची स्थिती वेगवेगळी लिही, आणि मला कळव.

तुझा,
बाबा