सगळ्यांचाच जन्म एक जूनचा कसा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. इतिहासात कोणता धडा हवा, कोणता नको, यावर हिरिरीने वाद होतात. मुलांनी इतिहास शिकायचा कसा, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. भौतिक, लिखित, मौखिक ही साधनांची यादी मुले घडाघडा म्हणतात, पण त्यातले एकही साधन त्यांच्या हाती आलेले नसते. शिष्यवृत्ती परीक्षेत इतिहास नाही, त्यामुळे तो तास गणिताला जातो, हेही खरेच.

खरे तर साधन शाळेच्या कपाटातच असते. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मतारीख नोंदवलेली वही. आमच्या भागातल्या जुन्या शाळांत ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. मी चौथी-पाचवीला शिकवत असताना जुन्या पानांची नक्कल करून मुलांपुढे ठेवायचे. काय दिसते, एवढेच विचारायचे. मुलांच्या लगेच ध्यानात येई की निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा! कोणी म्हणे, त्या वर्षी खूप बाळे झाली असतील. मग दुसऱ्या वर्षाचे पान काढायचे. तिथेही १ जूनच. म्हणजे तो तर्क गेला. आता घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा.

मुले जे आणत ते कुठल्याही पुस्तकात नाही. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की मास्तर शाळेत घेत आणि जूनमधली सोयीची तारीख टाकून देत. एक आजी सांगे, मी कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या पावसाळ्यातली. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे जन्म त्याच वर्षीचा. रजिस्टर म्हणते १९६५. खरे कोणाचे? वर्गात यावर जोरदार भांडण होई. लिहिलेले म्हणून खरे, असे म्हणणारी मुले हळूहळू विचारू लागत, हे लिहिले कोणी, केव्हा आणि कशासाठी? आजीलाही कोणी सहज सोडत नसे. तिला हे कोणी सांगितले, असा उलट प्रश्न येई. शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना तर वेगळाच तास मागतो. मुलींच्या नावापुढे तिथे काय लिहिले आहे, हे मुलींनीच वाचावे.

मारुतीच्या देवळापाशी शेंदूर फासलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, असेल तर त्याचेही असेच. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. न सांगता मुलांना गोष्ट लावू द्यावी. चुकली तरी हरकत नाही, पण कशावरून म्हणतोस, याचे उत्तर दगडावर बोट ठेवून देता आले पाहिजे. ‘एवढ्याशा पोरांना काय कळणार’ म्हणणाऱ्यांनी एकदा असा तास बघावा.

कुणबी नोंदींच्या शोधात हीच रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. दाखल्यासाठी जे कागद एवढे मोलाचे ठरले, ते शिकवण्यासाठी कोणाला आठवत नाहीत, याचे नवल वाटते.

शिक्षण विभागाला विनंती अशी की, पाचवीच्या मूल्यमापनात गावातल्या एका साधनावरच्या कामाला गुण ठेवावेत आणि शिक्षकांना त्यासाठी तास मोकळे द्यावेत. मूळ रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये, कागद आधीच कुरतडलेला असतो. नक्कल काढताना जातीचा रकाना आणि हयात माणसांची नावे झाकावीत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पाटण (जि. सातारा)