बाईंचं नाव

प्रिय मित्रास,
ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम वि. वि.

नाताळला तुझं कार्ड आलं, ईस्टरला फोन येऊन गेला, आणि मी दोन्हींना उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर ते रास्तच आहे. माझी तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे, गुडघा जिने चढताना कुरकुरतो. हिचंही ठीक चाललंय. हे पत्र मात्र तब्येत कळवायला लिहीत नाही. परवाच्या रविवारी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. इथं कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात, एवढं काय त्यात. तू तसं म्हणणार नाहीस.

आपल्या चर्चच्या मंडळीला सव्वाशे वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढायची ठरली. जुन्या वह्या वाचायची माझी सवय सगळ्यांना ठाऊक, तेव्हा ‘मंडळीचे सेवक’ हे प्रकरण माझ्याकडे आलं. चार महिने खपलो. पाळक, मिशनचे मास्तर, वडील म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ कारभारी, खजिनदार, सगळ्यांची नावं सालवार लावली, मिळाले तेवढे फोटो छापले. काम चांगलं झालं असं मला मनापासून वाटत होतं.

उपासनेनंतर प्रकाशन झालं. चहाच्या वेळी वेशीजवळच्या आजी आल्या. त्याच, ज्यांच्या परसातल्या चिंचा तू पाडायचास आणि बोलणी मी खायचो. ऐंशीच्या पुढे आहेत आता. ते प्रकरण उघडून त्यांनी एकेका नावावर बोट ठेवत सगळी पानं वाचली. मग मान वर करून म्हणाल्या, “आमच्या बाईंचं नाव कुठंय रं?”

मला बोलताच येईना. आजी बोट ठेवून वाचत होत्या ना, ते वाचायला त्यांना बाईंनीच शिकवलेलं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. दुपारी सासू झोपली की बाई ओसरीवर येऊन बसायच्या, पाटी मांडीवर घ्यायच्या आणि योहानाच्या शुभवर्तमानावरून एकेक अक्षर गिरवून घ्यायच्या. मी विचारलं, “आजी, बाईंचं नाव काय होतं?” त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. म्हणाल्या, “बाई. बाईच म्हणायचो की आम्ही.”

अरे, मलाही माहीत नाही! तुला आठवतं का? आठवडाभर मी डोकं खाजवतोय. छत्री आठवते, पांढरं लुगडं आठवतं, त्यांच्या पिशवीतला पेरूंचा वास आठवतो. तेविसावं स्तोत्र पाठ म्हणेल त्याला एक पेरू. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ एवढं म्हणून तू तिथंच थांबलास आणि हात पुढे करून म्हणालास, “बाई, मला एक पेरू उणा पडतोय.” बाई किती हसल्या होत्या! दिला दुसराही. मला एकच मिळाला, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री जमाखर्चाच्या वह्या पुन्हा काढल्या. पाळकांचा पगार नावानिशी, मास्तरांचा नावानिशी. त्याच्याखाली ‘बायबलबाई’, म्हणजे घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या आपल्या बाई, पुढे रक्कम. त्याखाली घासलेट, चुना, घंटेचा दोर. वर्षामागून वर्षं हेच. अक्षर बदलतं, खजिनदार बदलतो, पण ‘बायबलबाई’च्या पुढे नाव येत नाही. हे पान मी चार महिन्यांत निदान दहा वेळा पाहिलं असेल. त्यावरूनच मास्तरांची नावं उतरवली आणि ती ओळ सोडून पुढे गेलो. वह्या लिहिणाऱ्यांनी नाव लिहिलं नाही हे खरं, पण यादी मी केली होती.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्या नाहीत, कारण त्या इथल्या नव्हेतच. म्हातारपणी भाचीकडे जालन्याला गेल्या आणि तिथंच वारल्या, म्हणून दफनाच्या वहीतही नाहीत. त्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या एवढं मला पक्कं आठवतं, कारण रमाबाईंबद्दल त्या सांगायच्या. रमाबाईंना शेवटी ऐकू येत नसे. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल त्यांनी मराठीत आणलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या त्या मुक्तीतल्याच बायका आणि मुली. १९२२ साली रमाबाई गेल्या तेव्हा बाई लहान होत्या. ते बायबल छापून पुरं झालं १९२४ साली. “आमच्या बायकांनी जुळवलेलं हो पुस्तक,” असं त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या आणि आपण पेरूच्या बिया मोजत बसायचो. केडगावला पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडलो. कुणाची नोंद शोधा म्हणून लिहू?

आपण नगरची माणसं, आपल्याला नावांची कमी नाही. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत उतरली, १८३९ला नगरला आली आणि १८६२ साली मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले गेले. हे आपण दर समारंभात सांगतो, सांगायलाच हवं. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या घरच्याच. प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा केली, यजमान रेव्हरंड टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ काव्य पुरं केलं. पण लक्ष्मीबाई स्वतःचं आयुष्य स्वतः लिहून गेल्या. फॅरारबाईंची नोंद अमेरिकेतल्या मिशनच्या कचेरीत राहिली. ज्या उन्हातान्हात रोज दोन-तीन गावं चालत जाऊन, जिथं पाळकाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं तिथं चुलीपाशी बसून प्रार्थना करायच्या, बाळंतिणीजवळ रात्र काढायच्या, परगावच्या लेकीचं पत्र आईला वाचून दाखवायच्या, त्यांची नोंद कुणी ठेवायची? आपली मंडळी उभी राहिली ती या बायकांच्या पायांवर, असं मला आता स्पष्ट दिसतं. पाळक तीन-चार वर्षांनी बदलून जात. बाई तीस वर्षं होत्या.

कमिटीत विषय काढला. पुरवणीचं एक पान छापू, पैसे मी देतो म्हटलं. एक जण म्हणाले, सेवक म्हणजे दीक्षित सेवक, उद्या स्वयंपाकिणीचंही नाव घालाल. मी घरी येऊन बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडला. तू हसशील, कारण तोच अध्याय.

आठवतंय ना, १९८४, तरुण संघाची सभा? स्त्रियांनी व्यासपीठावरून संदेश द्यावा की नाही, यावर तू एका बाजूला आणि मी दुसऱ्या. मी करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहण्याचं वचन काढलं आणि ते मोठ्यानं वाचून खाली बसलो. तू या सोळाव्या अध्यायातली फिबी काढलीस. किंख्रियाच्या मंडळीची ती सेविका. ही पत्रं लिहिणारा पौल स्वतःला आणि अपुल्लोस या प्रचारकाला जो ग्रीक शब्द लावतो तोच तिला लावतो, असं तू म्हणालास, आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, “तुला ग्रीक कधीपासून यायला लागलं?” सभा हसली. तू आठ महिने बोलला नाहीस. नंद्यालला पुष्पा ललिता बिशप झाल्या तेव्हा, २०१३ साली, तू हैदराबादहून मुद्दाम फोन केलास आणि मी ‘बरं’ म्हणून पावसापाण्याचं विचारलं. तुझंच बरोबर होतं रे. दोन्ही वेळेला. हे फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

त्या अध्यायातल्या बायका या वेळी मी मोजल्या. दहा आहेत. त्यातल्या दोघींची नावं नाहीत, रूफाची आई आणि नीरियाची बहीण. नाव नसलं तरी पौलानं त्यांना सलाम पाठवायचा सोडला नाही. कमिटीपुढे येत्या शनिवारी हेच वाचणार आहे. आवाज चढवायचा नाही असं ठरवलंय.

हिला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “आणि आईंचं नाव घातलंत का?” प्रभुभोजनाची भाकर किती वर्षं माझ्या आईनं भाजली, मेजावरचं पांढरं कापड दर शनिवारी धुऊन इस्त्री केलं, महिला मंडळाची वर्गणी दारोदार फिरून आणली. दादांचं नाव मंडळीच्या वडिलांच्या यादीत फोटोसकट आहे. आईचं नाही. तिचं नाव तर मला माहीत होतं.

बरं, तुझं सांग. धाकट्याला नोकरी लागली असं कानावर आलं, फार आनंद झाला. वहिनींची मान कशी आहे? त्यांना गरम पाण्याची पिशवी घ्यायला सांग. जुन्या घराचं प्रकरण मिटलं का?

आता काम. तुझ्या आजीची ट्रंक तू हैदराबादला नेली होतीस. तिच्यात संडेस्कूलचा एक फोटो होता, चर्चच्या पायरीवरचा. त्यात बाई मधोमध आहेत आणि तू डोळे मिटलेले आहेस. मागच्या बाजूला आजीनं सगळ्यांची नावं जांभळ्या शाईनं लिहिली होती असं मला पुसटसं आठवतं. आजी कुणाला नुसतं ‘बाई’ म्हणून सोडणारी नव्हती. ट्रंक काढ. माळ्यावर असेल तर धाकट्याला चढव, तू चढू नकोस. फोटोच्या दोन्ही बाजू हव्यात. नाव पुसट असेल तर दिसतील तेवढी अक्षरं कळव, उरलेली मी केडगावला जाऊन शोधतो.

शनिवारच्या आत मिळालं तर फार बरं.

तुझाच

ता. क. पुरवणीच्या पानावर आईचं नाव लिहून ठेवलंय. त्याच्या वरची ओळ मोकळी सोडलीय.