रेगे मार्लीपाशी संपत नाही

रविवारच्या पुरवणीतील रेगे या जमैकातल्या संगीतप्रकारावरील लेख वाचला. (आपल्याकडे रेगे म्हटले की आधी आडनावच आठवते, ते असो.) लेख जगप्रसिद्ध रेगे गायक बॉब मार्लीपासून सुरू होतो आणि त्याच्यापाशीच संपतो. जमैकाचेच दुसरे रेगे गायक टूट्स हिबर्ट यांचा साधा उल्लेखही नाही, हे खटकले. ज्या शब्दावर अख्खा लेख उभा आहे, तो तबकडीवर आला तो त्यांच्या ‘मेटल्स’ या गायकत्रयीच्या १९६८च्या ‘डू द रेगे’ या गाण्यातून. जमैकातल्या चर्चमध्ये गाऊन तयार झालेला त्यांचा खरखरीत आवाज पुढे अर्धशतक टिकला. २०१३मध्ये अमेरिकेत गाताना गर्दीतून भिरकावलेली बाटली त्यांच्या डोक्यात बसली. त्यानंतर सुमारे तीन वर्षे ते मंचापासून दूर राहिले. तरीही बाटली फेकणाऱ्या तरुणाला शिक्षा सौम्य द्यावी, असे पत्र त्यांनी न्यायाधीशांना लिहिले! ऑगस्ट २०२०मध्ये त्यांचा नवा अल्बम आला आणि दोनच आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, वयाच्या ७७व्या वर्षी ते गेले. त्या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. अशा गायकाला लेखात निदान एक परिच्छेद तरी मिळायला हवा होता.

– एक वाचक, ठाणे