फुटबॉल संघांच्या याद्या खऱ्या असाव्यात आणि छापूनही याव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर नागपूरच्या फुटबॉल लीगच्या बातम्या हंगामभर येतात, याबद्दल आधी मनापासून आभार. क्रिकेटच्या गर्दीत जिल्ह्याच्या फुटबॉलला जागा मिळणे सोपे नाही. पण या बातम्यांत निकाल, गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट एवढेच असते. उरलेले दहा जण कोण होते, किपर (गोलरक्षक) कोण होता, बाकावर कोण बसले होते, कोण कोणाच्या जागी आले, याची नोंद कुठेच राहत नाही. सामन्याच्या बातमीखाली दोन्ही संघांची पूर्ण यादी छापावी, ही आमची विनंती आहे. त्याआधी क्लबांनी आपल्या याद्या खऱ्या कराव्यात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायचे आहे.

आयएसएलसारख्या देशातल्या वरच्या लीगच्या संघांत खेळाडू पगारावर असतात. सरावाला या म्हटले की येतात. आपल्याकडे दपूम (दक्षिण पूर्व मध्य) रेल्वेसारखे नोकरी देणारे संघ सोडले, तर कामठीचा रब्बानी क्लब, राहुल क्लब, यंग मुस्लिम अशा क्लबांची गोष्ट वेगळी. इथला खेळाडू कॉलेजात शिकतो, दुकान सांभाळतो, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. त्यामुळे असा संघ बांधताना पहिला प्रश्न 'कोण चांगला खेळतो' हा असून चालत नाही. 'कामाच्या दिवशी दुपारी साडेतीनला कोण मैदानावर उभा राहू शकतो' हा पहिला प्रश्न.

साडेतीन ही वेळ उगाच नाही. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि प्रकाशझोत नसलेल्या मैदानावर नव्वद मिनिटे, पंधरा मिनिटांचे मध्यंतर आणि थोडा वाढीव वेळ धरला की साडेतीनच्या पुढे सामना सुरू करणे परवडत नाही. बुटीबोरीत तीनला पाळी सुटणारा मुलगा मोतीबागेच्या मैदानावर साडेतीनला पोहोचूच शकत नाही. तरी त्याचे नाव यादीत असते, कारण तो गावातला नावाजलेला फॉरवर्ड आहे.

अशी कागदावरची नावे वाढली की काय होते, ते प्रत्येक हंगामात दिसते. नोंदणी पंचवीस-तीस जणांची, मैदानावर बारा-तेरा. त्यात एकाला पहिल्या अर्ध्यात क्रॅम्प, दुसऱ्याला लाल कार्ड, आणि शेवटची वीस मिनिटे नऊ-दहा जण जीव तोडून धावतात. स्थानिक सामन्यांत शेवटच्या टप्प्यात गोल पडतात त्याला आपण 'दम कमी पडला' म्हणतो. खरे कारण बहुतेक वेळा बाकावर माणूस नसणे हे असते. सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर नियमाप्रमाणे सामना सुरूही होत नाही आणि चालूही राहत नाही. प्रतिस्पर्ध्याला वॉकओव्हर मिळतो, आणि जे सहा जण रजा टाकून, स्वतःचे पेट्रोल जाळून आले त्यांचा दिवस वाया जातो.

चोवीस जणांची यादी या स्तरावर पुरेशी आहे. तीन किपर, चार स्टॉपर (मधले बचावपटू), चार साइड बॅक (कडेचे बचावपटू), पाच हाफ (मधल्या फळीचे), चार विंगर (कडेने चढाई करणारे), चार फॉरवर्ड. कामाच्या दिवशी दहातले सात आले असे धरले तरी सोळा-सतरा जण हाताशी राहतात. पण ही उपस्थिती जागेनुसार तपासावी लागते. सोळा आले आणि त्यात स्टॉपर एकच असेल तर आकड्याचा उपयोग नाही. म्हणून सचिवाच्या वहीत नावापुढे जन्मतारीख आणि मोबाइल एवढेच लिहून भागत नाही. मुख्य जागा, दुसरी जागा, चालता पाय (डावा की उजवा), पाळीचे किंवा परीक्षेचे वेळापत्रक आणि मागच्या सामन्यांची हजेरी, एवढे रकाने हवेत. सामन्याच्या तीन दिवस आधी फोन करून होकार घ्यावा आणि तो तारखेसह लिहावा. ग्रुपवर अंगठा दाखवलेला होकार धरू नये. ज्याचा स्पष्ट होकार नाही, तो येणार नाही असे समजूनच संघ ठरवावा. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेच्या काळात तर पहिल्या अकरातले चार-पाच जण एकदम गळतात. वेळापत्रक जाहीर झाले की त्या आठवड्यांसाठी वेगळा संघ वहीत मांडून ठेवायला हवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष किपरकडे होते. बहुतेक क्लबांत एक पक्का किपर असतो आणि दुसरा 'लागला तर उभा राहील' असा कुणीतरी. पक्का किपर बोट सुजवून बसला की स्टॉपरला हातमोजे देतात. म्हणजे किपर गेलाच, पण बचावही मोडला. दुसऱ्या किपरला हंगामात निदान चार-पाच पूर्ण सामने द्यायला हवेत, आणि तेही ठरवून. बाकावर बसूनच किपर घडत नाही. क्रॉस (कडेवरून गोलासमोर येणारा चेंडू) कधी सोडायचा, फ्री किकला भिंत किती जणांची लावायची, स्टॉपरला कोणत्या शब्दात हाक मारायची, हे खेळतानाच कळते. तिसरा किपर सोळा-सतरा वर्षांचा असावा आणि त्याने सरावात रोज या दोघांसोबत वेगळा अर्धा तास काढावा.

किपरचा एक जादा जर्सी, मोठ्या मापाचा, किटमध्ये कायम ठेवावा. किपरला लाल कार्ड मिळाले आणि बदल संपलेले असले तर मैदानावरच्याच कोणाला गोलात उभे राहावे लागते, आणि त्याचा रंग दोन्ही संघांपेक्षा व पंचांपेक्षा वेगळा असावा लागतो. त्या क्षणी घामाने भिजलेला, दोन मापे लहान जर्सी डोक्यातून घालताना सामना खोळंबतो आणि त्या मुलाचे अवसानच जाते. आणखी एक: 2025-26 पासून किपरने हातात चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. पंच शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतात. वेळ काढायची जुनी सवय लागलेल्या किपरना हे सरावात घड्याळ लावून शिकवावे लागेल.

दुसरी अडचण डाव्या पायाची. डाव्या पायाचे खेळाडू मुळातच कमी, आणि जे असतात त्यांना आपण लगेच विंगवर टाकतो. मग लेफ्ट बॅकला उजव्या पायाचा मुलगा उभा राहतो. प्रत्येक चेंडू आत वळवून घेतो, तेवढ्यात समोरचा विंगर अंगावर येतो, आणि बाहेरून पास देण्याची वाटच बंद होते. क्लबकडे डाव्या पायाचे दोघे असतील तर एकाला बॅकची सवय लावावी; त्याने डाव्या बाजूची निम्मी अडचण सुटते.

आता नोंदणी. खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये होते. कागदपत्रांत अडकण्याचे कारण बहुतेक वेळा एकच: आधारवर स्वतःचे नाव आधी, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच. शेवटच्या दिवशी हे सापडते आणि अर्ज परत येतो. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हंगाम संपल्या संपल्याच पुढच्या वर्षीची कागदपत्रे गोळा करून तीन ठिकाणची नावे अक्षर-अक्षर जुळवावीत. दुसरे म्हणजे, फिफाच्या नियमानुसार खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे नोंदलेला असतो. एका हंगामात तो जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंद करू शकतो आणि त्यातल्या दोनच क्लबांकडून अधिकृत सामने खेळू शकतो. हे अनेक मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. कुणाच्या आग्रहाखातर फॉर्मवर सही करतात आणि ऐन मोसमात बसून राहावे लागते. सही घेण्याआधी मुलाला आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या आईवडिलांना हे समजावून सांगणे क्लबचे काम आहे.

सामन्याच्या दिवशी पंचांकडे जाणारी यादी हीदेखील अशीच घाईत भरली जाते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सुरुवातीआधी सर्व नावे देणे बंधनकारक असेल, तर यादीत नसलेला खेळाडू नंतर उतरू शकत नाही. पण नाव असेल आणि संघ अकरापेक्षा कमी जणांवर सुरू झाला असेल, तर उशिरा आलेला खेळाडू पंचांच्या परवानगीने आत येऊ शकतो. म्हणजे पाळीवरून निघालेल्या, पण नक्की येणार असलेल्या मुलाचे नाव साडेतीनच्या आधी लिहिणे किती गरजेचे आहे पाहा. बदलांचेही तसेच. पाच बदलांची मुभा असलेल्या स्पर्धेत ते करायला खेळाच्या ओघात तीनच संधी मिळतात, मध्यंतर वेगळे. एकेक करून तीन बदल केले की दोन बदल हातात असूनही वापरता येत नाहीत. म्हणून साठाव्या मिनिटाच्या आसपास दोघे एकदम उतरवावेत आणि एक संधी शेवटच्या दहा मिनिटांसाठी, दुखापत गृहीत धरून, राखून ठेवावी.

दुखापतींवर वेगळे पत्र लिहावे लागेल, तरी यादीशी जोडलेले तेवढे सांगतो. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटते आणि फेब्रुवारीनंतर दगडासारखी होऊन भेगाळते. लांब लोखंडी स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट अशा जमिनीत रुतत नाहीत, सगळा भार टाच आणि घोट्यावर येतो. आखूड, जास्त संख्येचे मोल्डेड स्टड किंवा टर्फचे बूट बरे. मांडीच्या मागचा स्नायू ताणणे ही आपल्या खेळाडूंची सगळ्यात नेहमीची तक्रार. धावपळीत पोहोचायचे आणि दोन फेऱ्या मारून थेट मैदानात उतरायचे, हे त्याचे मोठे कारण. फिफाचा '11+' हा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे, त्यात पंधरा व्यायाम आहेत, साहित्य फक्त चेंडू आणि काही शंकू. आठवड्यातून दोनदा नियमाने केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. डोक्याला मार लागून गरगरणाऱ्या खेळाडूला मात्र त्या दिवशी परत उतरवूच नये, बाकावर कोणी असो वा नसो.

इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजनच्या खाली असलेल्या क्लबांना 'नॉन-लीग' म्हणतात. तिथलेही बहुसंख्य खेळाडू दिवसा दुसरे काम करतात. जेमी वार्डी हा फॉरवर्ड अशाच स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स क्लबकडून खेळत होता तेव्हा कारखान्यात कामाला जात असे. पुढे हॅलिफॅक्स, फ्लीटवुड असे करत 2012 मध्ये तो पाचव्या स्तरावरून लेस्टर सिटीत आला आणि 2016 मध्ये प्रीमियर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनचा, विजेता ठरला. असा खेळाडू हाती लागतो, कारण त्या छोट्या क्लबांच्या सामन्यांच्या पत्रिकेत दोन्ही संघ नावानिशी छापलेले असतात आणि कोण किती सामने खेळला, किती गोल केले, याच्या नोंदी वर्षानुवर्षे जपलेल्या असतात. आपल्याकडे कामठीचा किंवा मोमिनपुऱ्याचा लेफ्ट बॅक सलग चार हंगाम खेळला तरी त्याच्याकडे दाखवायला एक कात्रणही नसते. फॉरवर्डकडे निदान गोलाच्या बातम्या असतात. बॅक, हाफ आणि किपर यांच्या हाती काहीच येत नाही, आणि बाहेरच्या क्लबच्या चाचणीला गेल्यावर 'आधी कुठे, किती खेळलास' याचे उत्तर त्यांना तोंडीच द्यावे लागते.

यादी छापून आली तर आणखी एक गोष्ट साधेल. कागदावरची नावे उघडी पडतील. निलंबित खेळाडू चुकून उतरवला, एकाच्या नावावर दुसरा खेळला, असे प्रकार दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीतला वाचकही पकडेल.

जागा फार लागणार नाही. अकरा नावे, स्वल्पविराम देऊन, कंसात किपर आणि कर्णधाराची खूण, मग बदली खेळाडू आणि ते उतरले ते मिनिट, शेवटी कार्डे. दोन्ही संघ मिळून लहान टायपात दहा-बारा ओळी. बातमीदाराने प्रत्येक मैदानावर थांबायची गरज नाही. पंचांच्या सहीच्या यादीचा स्पष्ट फोटो सामना संपल्यावर अर्ध्या तासात क्रीडा विभागाला पाठवण्याची जबाबदारी यजमान क्लबने घ्यावी, नावे मराठीत वेगळी टाइप करून द्यावीत आणि त्याची एक प्रत जिल्हा संघटनेकडे ठेवावी. आपण पुढच्या हंगामाच्या पहिल्या फेरीपासून हे सुरू करणार असाल, तर कोणत्या क्रमांकावर आणि किती वाजेपर्यंत मजकूर हवा, एवढे या सदरात कळवावे.

आपले,
नागपूर व कामठीतील काही फुटबॉल प्रशिक्षक आणि क्लब कार्यकर्ते