तांदळाचा हिशेब रोज, शिकवण्याच्या तासांचा कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांवर एका मुलामागे किती खर्च होतो आणि त्या मानाने गुणवत्ता का दिसत नाही, हा प्रश्न गेली काही वर्षे वर्तमानपत्रांतून, ग्रामसभांतून आणि अधिकाऱ्यांच्या आढावा बैठकांतून सतत विचारला जातो. पाटण तालुक्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी दोन वर्षे अध्यक्ष होतो. त्याच शाळेत मी शिकलो आणि आज माझी मुलगी तिथेच तिसरीत आहे. शाळेचा कारभार आतून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, गुणवत्तेवर बोलण्याआधी प्रत्येक वर्गाला वर्षभरात प्रत्यक्ष किती तास शिकवले गेले, एवढी साधी मोजदाद व्हायला हवी आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

आमच्या शाळेचा पट १७ आहे. सकाळी चूल पेटवण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या ताई हजर मुले मोजतात, गुरुजी ती संख्या मोबाईलवर भरतात आणि त्यानुसार तांदूळ मापून काढला जातो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि एकूण आहारातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, हे प्रमाण शासनाने ठरवून दिले आहे. गोणीत किती शिल्लक, आज किती खर्ची पडला, हे रोज वहीत चढते. एका महिन्यात वहीतला आणि गोणीतला आकडा तीन किलोंनी जुळेना, तेव्हा आठवडाभर खुलासे चालले होते. हे योग्यच आहे, कारण तो मुलांच्या तोंडचा घास आहे. परंतु ज्या शिक्षण हक्क कायद्याकडे बोट दाखवून आपण शाळेचे मोजमाप करतो, त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, आणि त्या ८०० तासांची वही कुठल्याच शाळेत माझ्या पाहण्यात आली नाही. मुलांचे हजेरीपत्रक आहे, शिक्षकांचे मस्टर आहे. पण गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले तर तो दिवस कर्तव्यावरचा म्हणून हजेरीतच धरला जातो. म्हणजे कागदावर शिक्षक हजर, मुले हजर, फक्त वर्गात शिकवायला कोणी नाही.

हे मी मोघम बोलत नाही. अध्यक्ष असतानाच्या एका ऑगस्टमध्ये भाताची लावण आटोपून हात मोकळा झाल्यावर मी एक आठवडाभर रोज शाळेत डोकावून टिपण ठेवले होते. सोमवारी मुख्याध्यापकांचा कार्यभार असलेले गुरुजी मतदार यादीच्या कामासाठी तहसीलला गेले. मंगळवारी दोघेही आले. मात्र त्यांपैकी एक जण दुपारपर्यंत देवळाच्या पायरीवर बसून होते, कारण आमच्या वाडीत रेंज फक्त तिथेच मिळते आणि विद्यार्थ्यांची कुठलीशी माहिती त्या दिवशी चारच्या आत पोर्टलवर भरायची होती. बुधवारी केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. गुरुवारी बँकेचे काम निघाले. शाळेच्या खात्यावर मुख्याध्यापक आणि अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या लागत असल्याने त्या दिवशी गुरुजींना वर्गातून उठवून नेण्यात मीही सामील होतो, हे कबूल केले पाहिजे. शुक्रवारी ओढ्यावरची मोरी पाण्याखाली गेली आणि कराडहून येणारे दुसरे गुरुजी साडेबाराला पोहोचले. दोन्ही शिक्षक दोन्ही खोल्यांत पूर्ण वेळ शिकवत आहेत, असे दृश्य मला थेट शनिवारी सकाळच्या शाळेत दिसले.

दोनपैकी एक शिक्षक बाहेर गेला म्हणजे निम्मे शिक्षण झाले, असाही हिशेब इथे लागत नाही. पहिली ते चौथी हे चारही वर्ग एका खोलीत एकाच शिक्षकासमोर बसतात. पाच तासांच्या अध्यापनात एका वर्गाच्या वाट्याला सव्वा तास येतो आणि उरलेला पावणेचार तास ती मुले पाढे लिहीत, चित्र रंगवत किंवा नुसतीच बसून असतात. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला हात धरणारा कोणी लागतो. तो हात त्या वेळी चौथीच्या भागाकारात अडकलेला असतो.

कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचे काम वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारीही जाहीर केली. पण अपवादांत बसणारी कामेसुद्धा दोन शिक्षकांच्या शाळेत निम्मी शाळा बंद पाडतात, याचा विचार त्या वर्गवारीने सुटत नाही. शिवाय स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद पट १५० च्या वर गेल्याशिवाय मिळत नाही. शाळेत लिपिक नाही, शिपाई नाही. त्यामुळे माहिती भरणे, बिले ठेवणे, धान्य उतरवून घेणे आणि टाकीवरच्या प्लंबरची वाट पाहणे हे सारे वर्गावरच्या शिक्षकाकडेच येते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यात वीज बिल, स्टेशनरी, स्वच्छता आणि दुरुस्ती भागवल्यावर मदतनीस ठेवायला काही उरत नाही.

शिक्षकांची बाजू घेतली म्हणून त्यांचे सगळेच पोटात घालावे, असे मला म्हणायचे नाही. शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव लागतो आणि तो आमच्याकडेही होतो. मात्र गुरुजींची खोली वाडीत नेमकी कुठे आहे, हे ठरावाला हात वर करणाऱ्या कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. शुक्रवारची मोरी त्यांना आडवी आली, कारण ते मोरीच्या पलीकडे राहतात.

वरच्या यंत्रणेत ही गोष्ट कोणाच्या लक्षात यावी, तर तशी साखळी कागदावर भक्कम आहे. शिक्षणाधिकारी, ११ पंचायत समित्यांचे गटशिक्षणाधिकारी, बीटचे, म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख असे चार टप्पे आहेत. प्रत्यक्षात यांतला कोणी ना कोणी प्रभारी असतो. आमच्या केंद्रप्रमुखांकडे दुसऱ्या केंद्राचाही कार्यभार होता आणि दोन वर्षांत त्यांनी पूर्ण तासभर वर्गात मागे बसून पाठ पाहिल्याचे मला एकदाच आठवते. बाकीच्या भेटींत दप्तर तपासून त्यांना पुढची शाळा गाठायची असे. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर प्रशासक आले आणि सदस्य व शिक्षण समिती यांच्यामार्फत प्रश्न विचारण्याची वाटही बंद झाली. त्या काळात आमचे अर्ज पंचायत समितीत स्वीकारले जात. त्यांवर चर्चा मात्र कुठेच होत नसे.

जिथे मोजमाप होते, तिथे ते पटाचे होते. ३० सप्टेंबरचा पट, तोही आधार वैध ठरलेल्या मुलांचा, संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरवताना, धरला जातो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी मुले असल्यास शिक्षकाचे पदच मंजूर न करण्याचा निकष आणला. आमची मुले चौथीनंतर ज्या शेजारच्या गावात जातात, तिथल्या एका मुलीच्या जन्मतारखेत शाळेचे रजिस्टर आणि आधार यांचा मेळ बसत नव्हता. ती मुलगी रोज शाळेत येत होती, रोज भात खात होती आणि तांदळाच्या हिशेबात होती. संच मान्यतेच्या हिशेबात मात्र नव्हती. तिच्या वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून पाटणला हेलपाटे घातले, तेव्हा कुठे ती शासनाच्या लेखी शाळेत दाखल झाली.

पट का घटतो, याची कारणे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पाटणची माणसे माथाडीच्या कामाला मुंबईला जातात. पूर्वी बायकामुले गावी राहत, आता तीही नवी मुंबईत असतात. रस्ता झालेल्या वाड्यांत इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येते. जी मुले उरतात, ती ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांची, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचा जो प्रस्ताव पुढे आला, तो याच मुलांच्या मुळावर येणारा होता. तीनच मुले असलेली आणि मोटारीच्या रस्त्यावरची एखादी शाळा शेजारच्या शाळेत मिसळायला माझा विरोध नाही. पण जावळी तालुक्यातल्या खिरखिंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, याची जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, त्या जिल्ह्यात अंतराचा निर्णय नकाशावर पट्टी ठेवून घेता येणार नाही.

निकालांचेही तेच. शिष्यवृत्तीत सातारा जिल्ह्याचे नाव आहे आणि त्यामागे अनेक शिक्षकांचे सुट्टीतले कष्ट आहेत. पण आमच्या चौथीत त्या वर्षी तीन मुले होती. त्यांतल्या एकाला परिच्छेद सलग वाचता आला नाही आणि केंद्राच्या तक्त्यात शाळेची प्रगती थेट ६६ टक्क्यांवर आली. तो मुलगा दिवाळीनंतर मुंबईहून आला होता, हे लिहायला तक्त्यात जागा नव्हती. एवढ्या लहान संख्येत टक्केवारी काहीच सांगत नाही. त्या तीन मुलांना किती तास शिकवले गेले, हा आकडा मात्र सांगू शकला असता.

म्हणून अध्यक्षपदाच्या शेवटच्या महिन्यांत आम्ही समितीत एक ठराव केला. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने समितीचेच काम आहे, त्यामुळे कोणाची परवानगी लागली नाही. आजचा आहार आणि लाभार्थी संख्या लिहिण्याच्या फळ्याशेजारी दुसरा फळा लावला. त्यावर कोणत्या वर्गाला आज किती तास शिक्षक मिळाला आणि नसल्यास तो कोणत्या आदेशाने बाहेर होता, एवढेच लिहायचे. आरंभी दोन्ही गुरुजी नाराज झाले, त्यांना ती पाळत वाटली. दुसऱ्या महिन्याअखेर कार्यभार असलेल्या गुरुजींनीच फळ्याचा फोटो काढून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत दाखवला, कारण मतदार यादीच्या कामासाठी त्याच शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाचेही नाव आले होते. ते नाव वगळले गेले.

जिल्हा परिषदेने असा फळा निदान द्विशिक्षकी शाळांत सक्तीचा करावा, त्याची महिन्याची बेरीज केंद्रप्रमुखांनी आहाराच्या अहवालासोबतच वर पाठवावी आणि ३० सप्टेंबरच्या पटाबरोबर तीही संच मान्यतेच्या वेळी समोर ठेवावी, अशी माझी विनंती आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी शिक्षकच घरोघरी जाणार आहेत. ते कायद्याने दिलेले काम आहे आणि ते त्यांनी केलेच पाहिजे. पण एका शाळेतील दोन्ही शिक्षकांना एकाच दिवशी बाहेर काढू नये, एवढा आदेश तरी तहसील आणि पंचायत समितीने मिळून आधीच काढावा. आमच्या फळ्यावर सध्या चौथीतली मुले रोज खडूने आकडे लिहितात. कोणी अधिकारी पाहायला येणार असतील तर शुक्रवारी, पाऊस असताना यावे.

आपला,
एक पालक,
ता. पाटण, जि. सातारा